जेम्स पार्किन्सन : गरिबांचा वैद्य

मनुष्याचें नांव त्याच्या मागें कशाच्या आधारानें राहील ह्याचा कांहीं नेम नसतो. कोणाचें नांव पुतळ्याच्या पायथ्याशीं कोरलें जातें, कोणाचें एखाद्या शहरास अथवा रस्त्यास देण्यांत येतें. परंतु ज्या सत्पुरुषांचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थिबंधूंपुढें व भगिनींपुढें ठेवीत आहों, त्यांचें नांव एका दुर्धर रोगास चिकटून राहिलें आहे. हात कांपूं लागतात, चाल मंदावते, शरीर पुढें वांकतें, अक्षर बारीक होत जातें. अशा रोग्यास कंपवात झाला असें आपण म्हणतों. ह्याच रोगास सर्व जगांत पार्किन्सनचा रोग म्हणतात. हें नांव आज घरोघर ऐकूं येतें. पण तें ज्यांच्यावरून पडलें ते गृहस्थ कोण, कोठले, व त्यांनीं आपलें आयुष्य कसें वेंचलें, हें विचारलें असतां बहुतेक जण निरुत्तर होतात. त्यांची थोडीबहुत ओळख करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

जेम्स पार्किन्सन ह्यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजीं लंडन येथील शोरडिच पॅरिशमधील हॉक्स्टन ह्या भागांत झाला. त्यांचे वडील जॉन पार्किन्सन हे तेथील वैद्य असून रोग्यांस तपासणें, औषधें तयार करून देणें व शस्त्रक्रिया करणें हीं तिन्हीं कामें ते करीत. विद्यापीठाची थोर पदवी मिळवून श्रीमंतांच्या वाड्यांत जाणारे वैद्य निराळे, आणि गल्लीबोळांतून पायीं हिंडून मजुरांचीं दुखणीं पाहणारे वैद्य निराळे. पार्किन्सन ह्यांचें घराणें ह्या दुसऱ्या वर्गांतलें होतें. जेम्स ह्यांनीं वडिलांच्या हाताखालीं काम शिकण्यास आरंभ केला व १७७६ सालीं लंडन हॉस्पिटलांत कांहीं महिने उमेदवारी केली. पुढच्याच वर्षीं गळफास लावून घेतलेल्या एका मनुष्यास शुद्धीवर आणून त्यांनीं त्याचे प्राण वांचविले. त्याबद्दल ह्यूमेन सोसायटीनें त्यांस रौप्यपदक दिलें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें २२ वर्षांचें होतें. १७८४ सालीं ते शस्त्रवैद्याच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाले, आणि त्याच वर्षीं वडील निवर्तल्यामुळें सर्व व्यवसाय त्यांच्या अंगावर पडला. ज्या सेंट लेनर्ड्स चर्चांत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेथेंच त्यांचा विवाह झाला आणि तेथेंच शेवटीं त्यांस मूठमाती मिळाली. सारें आयुष्य त्यांनीं ह्या एकाच वस्तीच्या सेवेंत घालविलें.

धंदा हातीं आला म्हणजे शिक्षण संपलें असें पुष्कळांस वाटतें. पार्किन्सन ह्यांस तसें वाटलें नाहीं. १७८५ सालीं प्रख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर ह्यांच्या व्याख्यानांस ते विद्यार्थ्याप्रमाणें जाऊन बसूं लागले. त्यांस लघुलिपि उत्तम येत असल्यामुळें हंटरसाहेबांचीं व्याख्यानें त्यांनीं तंतोतंत उतरून घेतलीं. हीं टिपणें त्यांच्या मुलानें १८३३ सालीं छापून प्रसिद्ध केलीं. वैद्यकीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें लघुलिपि शिकावी असा पार्किन्सन ह्यांचा आग्रह असे. वर्गांत टिपणें घेण्याचा कंटाळा करणाऱ्या आमच्या मित्रांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आतां त्यांच्या आयुष्यांतील एका बिकट प्रसंगाकडे वळूं. १७८९ सालीं फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली आणि तिचे पडसाद इंग्लंडांत उमटूं लागले. तेथें पार्लमेंट होतें खरें, परंतु मत देण्याचा अधिकार मूठभर लोकांसच होता. मजूर, कारागीर व लहान व्यापारी ह्यांसही तो मिळावा म्हणून चळवळ करणाऱ्या लंडन कॉरस्पाँडिंग सोसायटी ह्या मंडळींत पार्किन्सन सामील झाले. म्हातारा ह्यूबर्ट हें टोपणनांव घेऊन त्यांनीं अनेक छोट्या पुस्तिका लिहिल्या. गरिबांवरील कर, महागाई, अन्यायाचे कायदे ह्यांवर त्यांत कडक टीका असे. परंतु हे बदल रक्तपातावांचून घडावे, असेंच त्यांचें सांगणें असे. १७९४ सालीं सरकारनें ह्या मंडळींतील प्रमुखांस तुरुंगांत टाकलें, तेव्हां त्यांच्या बायकामुलांच्या साह्यार्थ एक पुस्तिका विकण्यांत आली. तीही पार्किन्सन ह्यांचीच होती.

त्याच सुमारास एक भयंकर आरोप पुढें आला. राजे तिसरे जॉर्ज हे नाटकगृहांत असतां नळींतून विषारी बाण सोडून त्यांस ठार मारण्याचा कट मंडळींतील कांहीं जणांनीं केला, असें सरकारास कळविण्यांत आलें. ह्या प्रकरणीं ऑक्टोबर १७९४ मध्यें पार्किन्सन ह्यांस प्रिव्ही कौन्सिलपुढें उभें राहावें लागलें. समोर मुख्य प्रधान विल्यम पिट स्वतः बसले होते. राजद्रोह शाबीत झाला तर देहान्त शिक्षा, आणि न झाला तरी संशय चिकटून धंदा बुडावयाचा, असा तो पेंच होता. घरीं पत्नी व लहान मुलें होतीं. मित्रांची ओळख नाकारली असती, टोपणनांवाआड दडून बसले असते, तर त्यांस कोणी बोल लाविला नसता. परंतु आपल्याच विरुद्ध साक्ष देण्याची सक्ति आपणांवर होणार नाहीं ही खातरी करून घेऊन मगच ते बोलले, आणि बोलले तेव्हां त्या पुस्तिका आपण लिहिल्या हें त्यांनीं निर्भयपणें कबूल केलें. कटाचा आरोप पुढें टिकला नाहीं. १७९६ सालीं मुख्य आरोपीच्या खटल्यांतही पार्किन्सन ह्यांनीं साक्ष दिली व तो निर्दोष सुटला.

ह्यानंतर राजकारणाचा गलबला त्यांनीं सोडला. पण ज्या गरिबांसाठीं तो केला होता त्यांस सोडलें नाहीं. सामान्य कुटुंबांस आरोग्याचे नियम कळावे म्हणून १७९९ सालीं त्यांनीं एक मोठा ग्रंथ लिहिला, आणि खेड्यांतील लोकांसाठीं दुसरा एक सोपा ग्रंथ पुढच्या वर्षीं काढला. खेळतांना मुलें कशीं पडतात, भाजतात, बुडतात हें गोष्टीरूपानें सांगणारें मुलांसाठीं एक पुस्तकही त्यांनीं लिहिलें. आपल्या चर्चच्या रविवारच्या शाळेचे ते उत्साही पुरस्कर्ते होते, व गरिबांच्या शिक्षणावर त्यांनीं १८०७ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. पॅरिशमधील अनाथ मुलें दूरच्या गिरण्यांत कामास पाठविलीं जात; तेथें त्यांचे हाल होतात कीं काय, हें कोणी तरी जाऊन पाहिलें पाहिजे, असा त्यांनीं आग्रह धरिला. हॉक्स्टनमध्यें वेड्यांचीं खासगी इस्पितळें होतीं. त्यांपैकीं एकाचे ते पुष्कळ वर्षें वैद्य होते. अशा इस्पितळांस कायद्याचा धाक असावा म्हणून त्यांनीं १८११ सालीं पुस्तिका लिहिली. १८१३ सालीं शोरडिचच्या गरिबांचे वैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. पॅरिशच्या खर्चानें चालणाऱ्या निराधारगृहांत तापाची सांथ आली म्हणजे ती एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाई. तेव्हां तापकऱ्यांसाठीं निराळा विभाग करून घेण्याचें काम त्यांनीं व त्यांच्या मुलानें १८१५ च्या सुमारास केलें. इतकें करीत असतां स्वतः त्यांस वातरक्ताच्या कळांनीं ग्रासलें होतें. त्या दुखण्यावरही त्यांनीं १८०५ सालीं ग्रंथ लिहिला!

फुरसतीच्या वेळीं त्यांचा जीव दगडांत रमे. पृथ्वीच्या पोटांत सांपडणारे प्राचीन प्राण्यांचे व वनस्पतींचे अश्मीभूत अवशेष जमविण्याचा त्यांस नाद होता. १८०४, १८०८ व १८११ ह्या सालीं तीन भागांत त्यांनीं ह्या विषयावर सुंदर चित्रांनीं युक्त असा बृहद्ग्रंथ काढला. पृथ्वीचें वय मोठें आहे हें दगड सांगत होते, आणि पार्किन्सन तर श्रद्धावान् ख्रिस्ती होते. तेव्हां सृष्ट्युत्पत्तीच्या वर्णनांतील दिवस म्हणजे दीर्घ कालखंड समजावे, असा मेळ त्यांनीं घातला. १८०७ सालीं लंडनची भूस्तरशास्त्राची जिऑलॉजिकल सोसायटी ज्या १३ जणांनीं स्थापिली त्यांत ते एक होते. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचें सन्मान-सुवर्णपदक सर्वांत प्रथम त्यांसच मिळालें. शिंगासारख्या वळणाच्या एका प्राचीन शिंपल्याच्या जातीस आजही पार्किन्सोनिया असें म्हणतात. त्यांच्या काळीं त्यांची कीर्ति होती ती ह्या दगडांमुळें. ज्या पुस्तकामुळें त्यांचें नांव अमर झालें, त्याकडे मात्र कोणी फारसें पाहिलें नाहीं.

तें पुस्तक म्हणजे १८१७ सालीं निघालेला कंपवातावरील निबंध होय. त्याचीं पानें अवघीं ६६. त्यांत रोगी सहाच आहेत, आणि त्यांपैकीं तिघे तर लेखकांस रस्त्यांत भेटलेले! वयाच्या ६२ व्या वर्षीं हा थकलेला वैद्य घरोघर रोगी पाहत हिंडत असतां त्याची दृष्टि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चालीवर असे. एक जण मॅजिस्ट्रेटच्या कचेरींतला नोकर, एक म्हातारा खलाशी. त्यांस थांबवून, चार गोड शब्द बोलून, दुखणें केव्हां व कसें सुरू झालें हें त्यांनीं विचारून घेतलें. एका रोग्याशीं तर बोलण्याचाही योग आला नाहीं. त्यास त्यांनीं दुरूनच पाहिलें. त्याचा सोबती समोर उभा राहून त्याचे दोन्ही खांदे धरी, हळूहळू मागें-पुढें झुलवून त्याचा तोल सांवरी, आणि खूण होतांच रोगी धांवत सुटे. सोबती चटकन बाजूस होऊन पुढें पळे व वीसएक पावलांवर तो पडण्यापूर्वींच त्यास झेली. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या जखमी मनुष्याची कथा आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. त्यास पाहून दोघे जण बाजूनें निघून गेले, आणि तिसरा थांबला. लंडनच्या रस्त्यावर असे कांपणारे, वांकलेले लोक हजारों लोकांनीं पाहिले असतील. म्हातारपण म्हणून सर्व पुढें गेले, आणि पार्किन्सन थांबले.

थांबून त्यांनीं जें जाणलें तें असें. निरनिराळीं दिसणारीं हीं लक्षणें एकाच रोगाचीं आहेत. हात स्वस्थ ठेविला असतां कांपतो. प्रथम एका हातांत आरंभ होतो, मग वर्षांमागून वर्षें तो हळूहळू पसरतो. शरीर पुढें झुकतें, आणि चालतां चालतां रोगी धांवूं लागतो. परंतु बुद्धि व इंद्रियें शाबूत राहतात असें त्यांस दिसलें. सहाव्या रोग्यास अर्धांगाचा झटका आला, तेव्हां लुळ्या पडलेल्या अंगाचा कंप थांबला, आणि शक्ति परत येतांच कंपही परत आला, हेंही त्यांनीं टिपून ठेविलें. रोगाचें मूळ मानेंतील मज्जारज्जूंत असावें असा त्यांचा तर्क होता. तो चुकीचा ठरला. स्नायूंचा ताठरपणाही त्यांच्या नजरेंतून सुटला. परंतु शवविच्छेदनाची संधि न मिळतां आपण केवळ अनुमान करीत आहों, हें त्यांनीं आधींच मोकळेपणानें सांगितलें, आणि शरीर उघडून पाहणाऱ्या विद्वानांनीं ह्याचें खरें कारण शोधावें अशी विनंति केली.

२१ डिसेंबर १८२४ रोजीं अर्धांगाच्या झटक्यानें पार्किन्सन ह्यांचें देहावसान झालें. त्यांची कबर नेमकी कोठें आहे हें आज कोणास दाखवितां येत नाहीं. त्यांचें एकही चित्र उपलब्ध नाहीं. त्यांच्या नांवानें कोठें कोठें छायाचित्र छापलेलें दिसतें खरें, पण छायाचित्रणकला प्रचारांत येण्यापूर्वींच ते निवर्तले होते. तें चित्र त्याच नांवाच्या दुसऱ्याच गृहस्थाचें होय. पुढें जवळ जवळ अर्धशतकानें पॅरिस येथील साल्पेत्रिएर इस्पितळाचे थोर मज्जावैद्य शार्को ह्यांनीं तो विसरलेला निबंध वाचला, त्यांत ताठरपणाची व मंद हालचालीची भर घातली, आणि ह्या रोगास पार्किन्सन ह्यांचेंच नांव द्यावें असें ठरविलें. इंग्रज वैद्याचा हा मान फ्रेंच वैद्यानें केला.

पार्किन्सन ह्यांनीं केलेल्या विनंतीचें पुढें काय झालें? १९१९ सालीं त्रेत्याकोफ ह्या तरुण वैद्यानें दाखविलें कीं, मध्यमेंदूंत जी एक काळसर पट्टी असते, तिच्यांतील पेशी ह्या रोगांत झडून जातात. हालचालींस वळण लावणारें डोपामाइन नांवाचें द्रव्य ह्याच पेशी पुरवितात, हें १९६० च्या सुमारास स्पष्ट झालें, आणि त्यावरून लेव्होडोपा हें औषध आलें. आपल्या रानांतील खाजकुइलीच्या बियांत हेंच द्रव्य असतें. दामोदरन व रामस्वामी ह्यांनीं तें १९३७ सालींच वेगळें काढून दाखविलें होतें. आणखी एक गोष्ट १९२४ सालीं, म्हणजे पार्किन्सन ह्यांच्या मृत्यूनंतर बरोबर १०० वर्षांनीं, पुढें आली. लेर्मित व त्यांचे सहकारी ह्यांनीं अशा रोग्यांच्या मेंदूंत लोहाचा नेहमीपेक्षां अधिक सांठा पाहिला. लोह रक्तास हवें, तसें मेंदूसही हवें. वय वाढत जातें तसतसें निरोगी मनुष्याच्या मेंदूंतही कांहीं ठिकाणीं तें वाढतें. परंतु प्रमाणाबाहेर मोकळें सुटलेलें लोह उपद्रवी अणु उत्पन्न करून पेशींस इजा करतें. उघड्यावरचा खिळा गंजावा, तसाच कांहींसा हा प्रकार होय.

पूर्वीं हें सारें मरणानंतरच दिसे. आतां जिवंत मनुष्याच्या मेंदूंतील लोह चिरफाड न करतां पाहतां येतें. एम्. आर्. आय्. यंत्रांत रोग्यास प्रबळ चुंबकाच्या पोटांत निजवितात. ३ टेस्ला शक्तीच्या चुंबकाचें बळ पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें ६०,००० पट असतें. शरीरांतील पाण्याच्या हायड्रोजन अणूंस रेडिओलहरींनीं चाळविलें म्हणजे ते क्षीण संदेश परत देतात व त्यांपासून चित्र तयार होतें. जेथें लोह सांठलेलें असतें तेथील चुंबकीय क्षेत्र विषम होऊन संदेश लवकर मावळतो, आणि चित्रांत ती जागा काळी दिसते. १९८० नंतरच्या दशकांत ही गोष्ट ध्यानांत आली, आणि पुढें त्या काळेपणावरून लोहाचें मापही काढण्याच्या रीति निघाल्या. निरोगी माणसाच्या त्या काळ्या पट्टीच्या मागील टोंकाशीं एक लहानशी उजळ जागा दिसते. दोन काळ्या रेघांमधली ती जागा भिंगरी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी भासते. पार्किन्सनच्या रोग्यांत ती बहुधा नाहींशी झालेली असते.

मग लोह काढून टाकलें म्हणजे रोग बरा होईल काय? हा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. युरोपांत ३७२ नव्या रोग्यांवर ह्याचा प्रयोग झाला. कांहींस ३६ आठवडे लोह ओढून घेणारें औषध दिलें, कांहींस नुसती सारखी दिसणारी गोळी दिली. २०२२ च्या डिसेंबरांत निकाल प्रसिद्ध झाला. यंत्रांतल्या चित्रांत लोह कमी झालें होतें, पण औषध घेतलेल्या रोग्यांचीं लक्षणें उलट अधिक वाढलीं होतीं! डोपामाइन तयार होण्यासही लोह लागतें, हें त्याचें एक कारण असावें. चित्र सुधारलें आणि मनुष्य बिघडला. यंत्रानें दाखविलेला डाग हाच रोग नव्हे. रोगी कसा चालतो, कसा बोलतो, हें डोळ्यांनींच पाहिलें पाहिजे, हा पार्किन्सन ह्यांचा धडा २०० वर्षांनंतरही जुना झालेला नाहीं.

लोहाच्या ह्या इतिहासांत आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय आमच्यानें राहवत नाहीं. १९२२ सालीं हालरफोर्डन व श्पात्स ह्या दोन जर्मन वैद्यांनीं मुलांस होणाऱ्या अशाच एका रोगाचें वर्णन केलें. त्यांत मेंदूच्या एका भागांत लोह सांठतें, आणि एम्. आर्. आय्. चित्रांत काळ्या जागेमध्यें उजळ ठिपका येऊन वाघाच्या डोळ्यासारखी आकृति दिसते. त्या रोगास त्या दोघांचीं नांवें मिळालीं. परंतु हिटलरच्या अमदानींत पंगु व मतिमंद म्हणून ज्या असहाय लोकांस मारण्यांत आलें, त्यांचे शेंकडों मेंदू हालरफोर्डन ह्यांनीं अभ्यासासाठीं घेतले, हें पुढें उघडकीस आलें. २००१ सालीं त्या रोगाचें आनुवंशिक कारण सांपडलें, तेव्हां वैद्यकशास्त्रानें तीं दोन नांवें बाजूस सारून दोषी द्रव्यावरून रोगास नवें नांव दिलें. विद्वत्ता दोहोंकडे होती. एकानें रोग्यांत मनुष्य पाहिला, दुसऱ्यानें मनुष्यांत केवळ मेंदू पाहिला. एकाचें नांव न मागतां राहिलें, आणि दुसऱ्याचें पुसून टाकण्यांत आलें.

पार्किन्सन ह्यांचा जन्मदिवस ११ एप्रिल हा आतां ह्या रोगाचा जागतिक दिन म्हणून पाळला जातो. हा रोग समूळ बरा करणारें औषध अद्याप निघालेलें नाहीं. तें शोधण्याचें काम शिल्लक आहे, आणि आज ह्या शाळेच्या बांकांवर बसलेल्यांपैकीं कोणी तें हातीं घ्यावें, असें आम्हांस वाटतें. पण तेवढ्यासाठीं थांबण्याचें कारण नाहीं. वाटेंत एखादा कांपणारा वृद्ध भेटला तर त्यास हंसूं नये, घाई करूं नये, त्याचा हात धरून रस्ता ओलांडून द्यावा आणि दोन शब्द बोलावे. पार्किन्सन ह्यांच्या महत्कार्याचा आरंभ ह्याहून मोठ्या गोष्टीनें झालेला नव्हता.